फायर अलार्मच्या कोटेशनमधील झोन, लूप आणि एंड ऑफ लाइन रेझिस्टर म्हणजे काय?

नागाळा पार्कातील आपल्या इमारतीसाठी आलेल्या कोटेशनमधील या तीन शब्दांचा अर्थ आपण विचारला आहे. मी कोल्हापुरात अशा यंत्रणांच्या देखभालीचे काम करतो. तिन्हींत सर्वांत स्वस्त असलेला रेझिस्टर आधी समजून घ्यावा, असे मला वाटते.

साध्या, म्हणजे कन्व्हेन्शनल यंत्रणेत इमारतीचे भाग पाडतात. एका भागातील सर्व डिटेक्टर एकाच वायरजोडीवर असतात आणि त्या भागाला झोन म्हणतात. जोडीच्या अगदी शेवटच्या डिटेक्टरमध्ये हा रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह मर्यादित ठेवणारा छोटा भाग, बसवतात व त्यातून पॅनेल, म्हणजे यंत्रणेची मुख्य नियंत्रण पेटी, सतत थोडा प्रवाह सोडत असते. वायर तुटली किंवा कोणी डिटेक्टर काढून नेला, की प्रवाह थांबतो आणि पिवळा ‘फॉल्ट’ दिवा लागतो. डिटेक्टरला धूर लागला, की प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे वाढतो, लाल ‘फायर’ दिवा लागतो आणि हूटर वाजतो. महाद्वार रोडजवळच्या एका लॉजमध्ये मी पॅनेल उघडले, तेव्हा चारही झोनचे रेझिस्टर पॅनेलच्याच टर्मिनलमध्ये पिळून बसवलेले होते. पॅनेलच्या लेखी वायर तिथेच संपत होती, त्यामुळे पिवळा दिवा कधी लागलाच नाही; प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्यावर उंदरांनी वायर कुरतडली होती आणि पुढचे पाच डिटेक्टर मुके झाले होते. आपल्याकडे काम संपल्यावर शेवटचा डिटेक्टर उघडून रेझिस्टर दाखवायला सांगा.

अॅड्रेसेबल यंत्रणेत वायर पॅनेलपासून निघून फिरून पॅनेललाच येते, म्हणून तो लूप. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा क्रमांक असल्याने नेमकी जागा कळते आणि वायर एका ठिकाणी तुटली तरी दोन्ही बाजूंनी संपर्क राहतो. शॉर्ट झालेला तुकडा बाजूला काढणारा भाग म्हणजे आयसोलेटर. ही यंत्रणा महाग पडते.

कोटेशनमधील ‘एमसीपी’ म्हणजे जिन्याजवळची, माणसाने हाताने दाबायची लाल पेटी. तळमजल्यावर खानावळ असल्याचे आपण लिहिले आहे. तिच्या स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टर लिहिला असल्यास तो बदलून घ्यावा, कारण कांदा-खोबरे भाजण्याच्या धुरानेच तो रोज वाजेल आणि चार दिवसांत कोणीतरी त्याला प्लास्टिकची पिशवी बांधेल. तिथे सुमारे 57 अंश सेल्सिअसला चालू होणारा ठरावीक तापमानाचा हीट डिटेक्टर घ्यावा.