ज्वारी, मटकी आणि पेरू : तंतुमय आहाराविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात कोलेस्टेरॉलविषयी लिहिताना तंतुमय पदार्थांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून पुष्कळ पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय 52 असून उद्यमनगरात माझा छोटा कारखाना आहे. तपासणीत साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि एलडीएल (अपायकारक कोलेस्टेरॉल) वाढलेले आढळले. डॉक्टरांनी औषध सुरू केले व ‘फायबर वाढवा’ असे सांगितले. मी फायबरची बिस्किटे आणि ब्राऊन ब्रेड खाऊ लागलो आहे. हे पुरेसे आहे का? आणि फायबरने नेमके होते काय?

उत्तर : आपल्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे, पण त्यासाठी आपण धरलेली वाट खर्चाची असून तिचा उपयोग थोडा आहे. बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचून पाहावी. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि अशा पुष्कळ पुड्यांवर पहिले नाव मैद्याचे, पाठोपाठ साखरेचे आणि पामतेलाचे असते. ब्राऊन ब्रेडचा रंगही अनेकदा कॅरॅमलचा असतो. आपल्याकडील नियमांनुसार 100 ग्रॅम पदार्थात 3 ग्रॅम तंतू, म्हणजेच फायबर, असले तरी ‘तंतूंचा स्रोत’ असे छापता येते; 100 ग्रॅम ज्वारीत ते सुमारे 10 ग्रॅम असतात.

तंतू म्हणजे वनस्पतिजन्य अन्नातील असा भाग, की जो लहान आतड्यातील पाचकरसांना फोडता येत नाही. त्यांतील विद्राव्य तंतू पाण्यात बुळबुळीत होतात. मेथीचे दाणे रात्री भिजत घातले की सकाळी वाटीतल्या पाण्याला जो चिकटपणा येतो, तो त्यांचाच. कडधान्ये, गवार, पेरू, सफरचंद यांतही ते असतात. जेवणात ते पुरेसे असले की पोटातील अन्न दाट होऊन सावकाश पुढे सरकते आणि जेवणानंतर साखर एकदम न चढता हळूहळू रक्तात उतरते. कोलेस्टेरॉलचे गणित थोडे वेगळे आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते आणि ती पचनाचे काम उरकून आतड्यातून बहुतांशी यकृताकडे परततात. विद्राव्य तंतू त्यांतील काही अडकवून शौचावाटे बाहेर नेतात. ही तूट भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील एलडीएल उचलून घ्यावे लागते. म्हणूनच आपल्याला केवळ भाकरीवर भागवता येणार नाही, कारण ज्वारीतील तंतू मुख्यत्वे अविद्राव्य असतात. ते पोट साफ ठेवतात, पण एलडीएलसाठी शेजारी मटकी, हुलगे, वरणा किंवा घेवडा असलाच पाहिजे.

जे तंतू मोठ्या आतड्यात पोहोचतात, त्यांतील बराचसा भाग तेथील जीवाणूंचे अन्न बनतो. त्यापासून जी लहान मेदाम्ले तयार होतात, त्यांतील ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी पोसल्या जातात. मला तंतूंचे हे काम सर्वांत मोलाचे वाटते, आणि नेमके तेच सर्वांत कमी सांगितले जाते.

या विषयाकडे जगाचे लक्ष वळवण्यात डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाचा मोठा वाटा होता. युगांडात अनेक वर्षे काम करताना, भरपूर चोथायुक्त अन्न खाणाऱ्या तेथील ग्रामीण लोकांत बद्धकोष्ठ आणि मोठ्या आतड्याचे अनेक विकार क्वचितच आढळतात, हे त्यांच्या लक्षात आले आणि 1970 च्या दशकात त्यांनी ते हिरिरीने मांडले. तेव्हा ते निरीक्षण होते. पुढे 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 185 दीर्घकालीन निरीक्षणात्मक अभ्यास आणि 58 वैद्यकीय चाचण्या यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी तंतू खाणाऱ्यांच्या तुलनेत सर्वांत जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात, टाइप 2 मधुमेह व मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण 15 ते 30 टक्क्यांनी कमी दिसले. निरीक्षणांवरून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही हे खरे, परंतु चाचण्यांतही वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल उतरलेले आढळल्याने या निष्कर्षाला बळ येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू अन्नातूनच घ्यावेत, अशी शिफारस केली आहे.

हा आकडा आपल्या ताटात कसा बसतो ते पाहू. साठ ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत सुमारे 6 ग्रॅम तंतू असतात. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, कोरडी मटकी मोड आणून उसळीत घातली तर साडेचार ग्रॅम मिळतात आणि 100 ग्रॅमच्या पेरूत आठ ग्रॅमांहून अधिक. दोन भाकरी, मटकीची उसळ आणि एक पेरू एवढ्यावरच 25 ग्रॅम होतात. कोरड्यास, कांदा, काकडी हे त्यावर. याउलट 75 ग्रॅम पांढऱ्या तांदळाच्या भातात जेमतेम 2 ग्रॅम असतात. मिसळीतील मटकी उत्तमच, पण तिच्यावरची फरसाण, कट आणि सोबतचा ब्रेड पाहता तिला रोजचे पथ्य मानू नये. घरी पोळ्या होत असतील तर गव्हाचे पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा म्हशीच्या आंबोणात टाकू नये. तो घरातच राहायला हवा.

चालू असलेले औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. तीन महिन्यांनी तपासणीचे आकडे पाहून तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

प्रश्न : करवीर तालुक्यात आमचे गुऱ्हाळ आहे. रस पिण्यापेक्षा ऊस चावून खाल्ला तर तंतू मिळतात, असे म्हणतात. गुळातही असतात का?

उत्तर : ऊस चावताना आपण रस गिळतो आणि चोथा थुंकून टाकतो, तंतू त्या चोथ्यातच असल्याने पोटात मुख्यतः साखरच जाते. दातांना व्यायाम होतो आणि रसाच्या पेल्यापेक्षा साखर सावकाश व कमी जाते, एवढाच काय तो फरक. गुळात किंवा काकवीत तंतू जवळजवळ नसतात. हेच फळांच्या रसाचे: मोसंबीचा रस गाळून घेतला की गर चाळणीत राहतो. रसाऐवजी फोडी खाव्यात.

प्रश्न : मी तालमीत सराव करतो. खुराकात दूध, अंडी, बदाम आणि मटण असते. पोट साफ होत नाही. काय करावे?

उत्तर : दूध, अंडी, मटण यांत तंतू अजिबात नसतात आणि तांबडा-पांढरा रस्सा कितीही प्यायला तरी त्यात फरक पडत नाही. बदामांत ते आहेत, पण मूठभर बदामांनी एवढ्या मोठ्या खुराकाचा समतोल साधत नाही. प्रथिने कमी करण्याची गरज नाही. त्यांतील काही हिस्सा भिजवलेल्या हरभऱ्यांतून घ्यावा. सालासकट 100 ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात सुमारे 25 ग्रॅम तंतू असतात आणि प्रथिनेही भरपूर मिळतात. घाम गाळणाऱ्याने पाणीही त्या मानाने वाढवले पाहिजे.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला तीन-तीन दिवस शौचाला होत नाही आणि झाली की तो रडतो. भाजी खात नाही. दूध-बिस्किटे आणि नूडल्स मात्र आवडीने खातो.

उत्तर : ताई, यात आहार आणि सवय असे दोन धागे गुंतलेले आहेत. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी रोज 21 ग्रॅम तंतूंची शिफारस आहे, आणि बिस्किटे व नूडल्स दोन्ही मैद्याची. दूध फार झाले की जेवणाची भूकच मरते, म्हणून ते दोन कपांपुरते ठेवावे. भाजी हा रोजच्या भांडणाचा विषय करू नये; सालासकट पेरू, चिक्कू, उकडलेल्या शेंगा, थालीपीठ, मक्याचे कणीस यांनी सुरुवात करावी. दुसरा धागा सवयीचा. शाळेतील स्वच्छतागृह नकोसे वाटल्याने अनेक मुले शौच दाबून धरतात. जितका वेळ मळ आत राहतो तितके आतडे त्यातील पाणी शोषत राहते, तो खडा होतो, दुखतो, आणि दुखते म्हणून मूल आणखी दाबून धरते. न्याहारीनंतर मोठे आतडे आपोआप हालचाल करते, त्याचा फायदा घ्यावा: पायांखाली छोटे स्टूल देऊन त्याला दहा मिनिटे निवांत बसू द्यावे, रागावू नये. आठवडाभरात फरक पडला नाही, रक्त दिसले, पोट फुगले, उलट्या झाल्या किंवा वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. साचून घट्ट झालेला मळ केवळ तंतूंनी निघत नाही. त्यासाठी आधी औषध लागते.

प्रश्न : वय 68. थायरॉइडची गोळी चालू आहे. बद्धकोष्ठासाठी इसबगोल घेते, परंतु ते घशात अडकल्यासारखे वाटते. सुनेने रोज मोड आलेली कडधान्ये सुरू केल्यापासून पोटही फुगते.

उत्तर : इसबगोल चांगले आहे, पण घेण्याची रीत चुकते आहे. एक चमचा भुशी पाण्यात पाच मिनिटे ठेवली तर ती फुगून घट्ट लगदा बनते. हेच कमी पाण्यामुळे आपल्या घशात होऊ पाहते. भुशी पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावी, वर आणखी एक पेला पाणी घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये. थायरॉइडच्या गोळीचे शोषण इसबगोलामुळे कमी होऊ शकते, म्हणून गोळी सकाळी अनशापोटी आणि इसबगोल संध्याकाळी घ्यावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोल घेऊ नये.

पोट फुगते ते प्रमाण एकदम वाढल्यामुळे. आतड्यातील जीवाणूंना नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. सूनबाईंचा हेतू चांगला आहे. त्यांना फक्त वाटीऐवजी दोन चमच्यांनी सुरुवात करायला सांगावे. मोडाची कडधान्ये कच्ची न देता शिजवावीत, भिजवलेले पाणी फेकून द्यावे आणि दर आठवड्याला थोडे वाढवावे.

आतडे अरुंद झालेले असेल, पूर्वी आतड्यात अडथळा आला असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर तंतू वाढवण्यापूर्वी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. आणि आपल्या वयात शौचाची सवय अलीकडेच बदलली असेल, रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी झाले असेल, तर इसबगोलावर महिने न घालवता आधी मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्यावी.