श्रीधर वेम्बूंसारखी कंपनी मराठवाड्यातून का उभी राहत नाही?

तुम्ही विचारलंय की झोहो या सॉफ्टवेअर कंपनीच्या श्रीधर वेम्बूंचा प्रवास कसा होता, तशी कंपनी मराठवाड्यातल्या एखाद्या लहान गावातून का उभी राहत नाही, आणि शेवटी जोडलंय, ‘इथल्या मुलांत तेवढी कुवत नाही का?’ त्या शेवटच्या वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसलो. मी लातूरचा. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, अडत दुकानांसाठी (शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारी दुकानं) सॉफ्टवेअर करणारी छोटी कंपनी इथंच चालवतो. हा कुवतीचा शेरा मी स्वतःच्या घरात, जेवणाच्या ताटावर ऐकलेला आहे.

आधी वेम्बू. त्यांची गोष्ट आपल्याकडं अर्धीच सांगतात. वेष्टी नेसून सायकलवर फिरणारा, गावात बसून हजारो लोकांची कंपनी चालवणारा माणूस, एवढा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण जरा साल लावून बघा. आयआयटी मद्रासमधून १९८९ ला बाहेर पडले, १९९४ ला प्रिन्स्टनची पीएचडी, मग अमेरिकेतच क्वालकॉममध्ये नोकरी. १९९६ ला भाऊ आणि टोनी थॉमस यांच्यासोबत ॲडव्हेंटनेट काढली. नेटवर्कवर देखरेख करायचं सॉफ्टवेअर बनवायचं आणि दूरसंचार उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना विकायचं, हा त्यांचा मूळ धंदा. २००१ च्या आसपास ते गिऱ्हाईकच झोपलं. तेव्हा त्यांनी मॅनेजइंजिन हे कंपन्यांच्या कम्प्युटर-नेटवर्कची देखभाल करायचं सॉफ्टवेअर उभं केलं, २००५ पासून झोहोच्या नावानं इंटरनेटवर चालणारी सॉफ्टवेअरं आणली आणि २००९ ला कंपनीचंच नाव झोहो केलं. तमिळनाडूतल्या खेड्याकडच्या तेनकासीचं ऑफिस २०११ चं. वेम्बू स्वतः तिकडं राहायला गेले ते २०१९ ला. २०२१ ला पद्मश्री मिळाली, जानेवारी २०२५ मध्ये सीईओपद सोडून ते मुख्य शास्त्रज्ञ झाले.

म्हणजे गावात यायच्या आधी कंपनी पंधरा वर्षं चेन्नईत पोसलेली होती. ‘वेम्बूंनी केलं, मी पण गावात बसून करतो’ असं म्हणणाऱ्यानं हे नीट बघावं. माझ्या दृष्टीनं त्यांच्याकडून घ्यायच्या गोष्टी दोन. एक, बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा त्यांनी कधी घेतला नाही, त्यामुळं गावात ऑफिस काढताना कुणाला विचारावं लागलं नाही. दुसरी त्याहून मोठी. २००५ च्या सुमारास त्यांनी स्वतःची शाळा काढली. बारावी किंवा डिप्लोमा झालेली पोरं घ्यायची, फी नाही, उलट विद्यावेतन द्यायचं, कामाचं शिकवायचं आणि कंपनीत घ्यायचं. पदवीची अट नाही. तेनकासीचं ऑफिस त्या शाळेनंतरचं आहे. आधी माणूस घडवायची सोय, मग गाव. हा क्रम कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत.

आता माझ्या घरचं. माझे दाजी हिंजवडीला एका मोठ्या कंपनीत आहेत. माणूस चांगला, अडचणीत मला पैसेही दिलेत. मी पुण्याची नोकरी सोडून लातूरला आलो तेव्हापासून मात्र आमचा एकच वाद चाललाय. २०१६ चा उन्हाळा आठवत असेल. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला प्यायचं पाणी आणलं होतं. दाजी त्या वेळी घरी आलेले. जेवताना म्हणाले, “जिथं पाणी रेल्वेनं आणावं लागतंय तिथं तू सॉफ्टवेअर कंपनी काढलालास. आणि कोड कोण लिहिणार? इथल्या पोरांची कुवत असती तर ती इथं राहिली असती का?” ताईनं विषय बदलला. मी गप्प बसलो, कारण तेव्हा दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं.

त्याच वर्षी जुलैत सरकारनं अडतीचा नियम बदलला. शेतकऱ्याच्या पट्टीतून (विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठीतून) अडत, म्हणजे दलाली, कापायची नाही, ती खरेदीदाराकडून घ्यायची. शेतकऱ्याच्या दृष्टीनं उत्तम निर्णय. पण मोंढ्यातल्या प्रत्येक दुकानाची पट्टी बदलली, खतावणी बदलली. आमचं सॉफ्टवेअर पुण्यातल्या एका अनुभवी इंजिनिअरकडून लिहून घेतलेलं होतं. त्यानं फोनवर ऐकून बदल करून दिले. सोयाबीनचा हंगाम सुरू झाला आणि एका दुकानातले मुनीम आमची पट्टी हातात धरायला तयार होईनात. त्यांच्या हातच्या पट्टीत आणि आमच्या पट्टीत थोड्या रुपयांचा फरक यायचा. “तुमचं कम्प्युटर शेतकऱ्याला चुकीची पट्टी देतंय,” असं त्यांनी भर दुकानात सांगितलं. इंजिनिअर म्हणायचा, गणित बरोबर आहे, मुनीम चुकतोय.

हंगामापुरती नोंदी करायला आम्ही एक मुलगी घेतली होती. औसा तालुक्यातल्या खेड्यातली, बारावी सायन्स. मेडिकलची प्रवेश परीक्षा दुसऱ्यांदा हुकलेली. लातूरबाहेरच्यांना याचा अर्थ कळणार नाही. आमच्या गावात पोरांचे फोटो फ्लेक्सवर लागतात, ट्यूशनच्या गल्ल्यांमध्ये राज्यभरातली पोरं राहतात, आणि ज्याचा नंबर लागला नाही त्याला नातेवाईक सुतकातल्यासारखं भेटायला येतात. या मुलीसाठी घरी स्थळं बघणं चालू झालं होतं. “मला दुसरं काही येत नाही, पण हिशोब येतो,” असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं.

ती वडिलांबरोबर लहानपणापासून माल घेऊन मोंढ्यात यायची. मुनीमजींच्या गादीशेजारी जाऊन बसली, त्यांच्या हातच्या पट्ट्या आणि आमच्या पट्ट्या एकेक ओळ लावून पाहिल्या. फरक हमालीत होता. इंजिनिअरनं हमाली क्विंटलवर काढली होती. त्या दुकानात ती कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, काढत, आणि शेवटचा अर्धवट भरलेला कट्टासुद्धा हमालीला पूर्ण धरत, कारण हमालानं उचलताना तो कट्टाच उचललेला असतो. वजनाला मात्र जेवढा माल तेवढाच. बारदानाचं वजनही प्रत्येक कट्ट्यामागं वेगळं वजा व्हायचं. हे कुठल्या पुस्तकात नाही, मुनीमजी सांगत नव्हते कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. तिनं मला वहीत मांडून दाखवलं. मी त्याच रात्री सूत्र बदललं. दुसऱ्या दिवशी मुनीमजींनी आमच्या पट्टीवर सही केली.

मग मी तिला शिकवायचं ठरवलं. आधी एक्सेल, मग डेटाबेस, मग कोड. संध्याकाळी दुकानं बंद झाल्यावर बसायचो. व्हेरिएबल, लूप, टेबल हे शब्द तसेच ठेवले, बाकी सगळं मराठीतून. इंग्रजी एरर आला की ती घाबरायची, म्हणून प्रत्येक एरर वहीत उतरवून त्याच्याखाली मराठीत कारण लिहायचं अशी पद्धत लावली. ती वही आजही नव्या मुलांना देतो. माझ्याकडं पदवीधर इंजिनिअरही आले होते. एका खाजगी कॉलेजातून पहिल्या वर्गात पास झालेल्याला दोन टेबलं जोडता येत नव्हती. चार वर्षांत त्यानं प्रत्यक्षात काही लिहिलेलंच नव्हतं, फक्त प्रॅक्टिकलच्या फायली उतरवल्या होत्या. यात त्या पोराचा दोष नाही, संस्थाचालकांचा आहे, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर म्हणेन.

नोव्हेंबरात नोटबंदी आली, ऐन सोयाबीनच्या आवकेत. रोखीवर चालणारा मोंढा एका रात्रीत चेकवर आणि आरटीजीएसवर आला. दुकानदारांना शेतकऱ्यांची बँक खाती, चेक नंबर, बाकी हे सगळं एका जागी हवं होतं. पहिला फॉर्म त्या मुलीनं बनवला. ओबडधोबड होता, पण चालला. पुढच्या जुलैत, २०१७ ला, जीएसटी. सोयाबीनवर पाच टक्के, सुट्या तुरीवर काहीच नाही, आणि एकाच दुकानात दोन्ही माल. बाहेरगावचं सॉफ्टवेअर घेतलेली दुकानं दुरुस्तीला माणूस यायची वाट बघत हातानं बिलं करत होती. आम्ही चालत दहा मिनिटांवर होतो. आमचा धंदा खरा त्या वर्षात उभा राहिला, आणि तो इथं असल्यामुळंच राहिला. पुण्यात बसून मला कट्ट्याची हमाली कळली नसती.

दाजींना हे सांगितलं. त्यांचं उत्तर, “ती अपवाद आहे.” नंतर एका पॉलिटेक्निकच्या मुलाला शिकवलं, तोही तयार झाला. तोही अपवाद. त्याच्यामागून आलेलेही अपवाद. मग एके दिवशी दाजींचाच फोन, “तुझ्याकडच्या त्या मुलीचा बायोडेटा पाठव, आमच्या टीमला माणूस पाहिजे.” मी तिला विचारलं, ती नको म्हणाली. आज आमचा हिशोबाचा सगळा भाग तीच सांभाळते, नव्या पोरांना शिकवते. स्थळ बघायला आलेल्यांना तिच्या वडिलांनी सांगितलं होतं की मुलीला कामावर जाऊ देणार असाल तरच पुढं बोलू. आता तुम्ही सांगा, ज्यांना शिकवलं ते जवळपास सगळे अपवाद निघत असतील तर नियम नेमका कुणाचा?

आष्टी तालुक्यातले दादासाहेब भगत बघा. इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय होते, ग्राफिक डिझाइन शिकले, स्वतःची ‘डिझाइन टेम्पलेट’ काढली, शार्क टँकमध्ये जाऊन गुंतवणूक आणली. बीड जिल्ह्यातला माणूस. नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी १९८१ पासून इंजिनिअर देतंय. ते सगळे कुठं गेले? पुणे, बंगळूर, अमेरिका. तिथं जाऊन त्यांनी चांगलं कामच केलं. कुवत नसलेल्यांना तिथं कोण ठेवून घेतं?

मग इथं का उभं राहत नाही, याचं माझ्यापुरतं उत्तर असं की आपण पोरगं घडवतो आणि गाडीत बसवून देतो. कॉलेजचं यश पुण्यात किती जण लागले यावर मोजतो. पहिला पगार इथं देणारा कुणी नाही. संभाजीनगरला उद्योजकांच्या संघटनेनं ‘मॅजिक’ हे इन्क्युबेशन केंद्र काढलंय, चांगलं काम आहे, पण लातूर, परभणी, हिंगोलीच्या पोराला तेही लांब पडतं. बाकी वीज, इंटरनेट ही कारणं मला आता पटत नाहीत. पाण्याचं कारण पटतं, पण कोड लिहायला पाण्याचं टँकर लागत नाही.

काही गोष्टी तुम्हाला सांगणं भाग आहे. माझं घर स्वतःचं आहे, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सुरुवातीला घर तिच्या पगारावर चाललं. ज्याच्यावर कर्ज आहे आणि घरात दुसरा पगार नाही त्यानं माझं ऐकून नोकरी सोडू नये. शिकवलेली काही मुलं पुण्याला जातातच. त्यांना अडवायचं नाही, करारात तर मुळीच बांधायचं नाही, दुसरं पोरगं शिकवायला घ्यायचं. आणि तुमच्या डोक्यात चिप डिझाइन किंवा तसलं जड काम असेल तर खुशाल बंगळूरला जा, तिथं त्यातली जाणती माणसं शेजारी मिळतात. मी बोलतोय ते मोंढा, जिनिंग, दाळमिल, दवाखाना, पतसंस्था यांच्या सॉफ्टवेअरबद्दल.

दाजी म्हणतील ही काही झोहो नाही. नाहीच. झोहोही १९९६ मध्ये झोहो नव्हती.

तुम्ही सुरू करणार असाल तर गिऱ्हाईक आधी धरा, ऑफिस नंतर. ओळखीतला फुकट वापरणारा धरू नका, थोडे का होईना पण पैसे मोजणारा धरा, कारण चुका तोच दाखवतो. एकदाच रक्कम घेऊन सॉफ्टवेअर विकू नका, वर्षाची वर्गणी ठेवा. झोहो तेच करते. आणि वर्गणी दिवाळीनंतर मागा, सोयाबीनचे पैसे मोंढ्यात फिरलेले असतात तेव्हा. जूनमध्ये मागितली तर कुणी देणार नाही.