मन थाऱ्यावर आणताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी एका कंपनीत हिशेबाचे काम पाहतो. महिनाअखेर जवळ आली की छातीत धडधडू लागते आणि घरी आल्यावरही डोक्यातून आकडे जात नाहीत. माइंडफुलनेसचा, म्हणजे चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याच्या सरावाचा, उपयोग होतो असे ऐकून रोज सकाळी वीस मिनिटे डोळे मिटून बसू लागलो. पण मिनिटभरातच विचारांची गर्दी होते आणि उठताना आधीपेक्षा जास्त अस्वस्थ वाटते. मन काही कोरे होत नाही. हा मार्ग माझ्यासाठी नाही असे समजावे का?

उत्तर : कृपया तसे समजू नका. मन कोरे करणे हा या सरावाचा उद्देशच नाही, आणि केवळ या गैरसमजापायी अनेक जण पहिल्या काही दिवसांतच सराव सोडून देतात याची मला मनापासून खंत वाटते. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २,२५० प्रौढांना मोबाइलवरून दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी ‘या क्षणी तुमचे लक्ष हातातल्या कामात आहे की दुसरीकडे?’ असे विचारले होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ४७ टक्के वेळा लोकांचे मन भलतीकडेच असल्याचे आढळले, आणि मन असे भरकटलेले असताना माणसे कमी आनंदी होती. तेव्हा तुमचे होते ते सगळ्यांचेच होते.

विचार बळेच दाबायला गेलो तर ते अधिक जोमाने उसळतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तर त्यांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिले. सकाळच्या त्या वीस मिनिटांत तुम्ही बहुधा हिशेबाच्या आकड्यांशी असेच झुंजत असाल. सजगतेच्या सरावात झुंज नसते. लक्ष श्वासावर ठेवायचे, ते निसटले आहे असे ध्यानात आले की ‘विचार चालू होता’ एवढी मनाशी नोंद करायची आणि स्वतःला दोष न देता पुन्हा श्वासाकडे यायचे. लक्ष निसटल्याचे भान येते तो क्षणच खरा व्यायाम असल्यामुळे, मन वीस वेळा भरकटले आणि वीस वेळा परत आणले तर सराव बिघडला नसून वीस वेळा झाला आहे.

वीस मिनिटांचा आग्रह मात्र तूर्त सोडा. सकाळी पाच मिनिटे पुरेत. उरलेला सराव दिवसाच्या कामातच होऊ द्या. एखादा ताळमेळ लागत नसेल तेव्हा हात क्षणभर थांबवून शरीराकडे पाहा. खांदे नकळत कानांकडे चढलेले असतात, दातांवर दात रोवलेले असतात, श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलेला असतो. संकटाच्या नुसत्या कल्पनेनेही शरीरात ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक स्रवते, त्याचा हा परिणाम. खांदे खाली येऊ द्या, पावलांना जमीन कशी लागते आहे ते जाणवून घ्या आणि तीन-चार श्वास असे घ्या की श्वास सोडायला घेण्यापेक्षा अधिक वेळ लागेल. श्वास सोडताना हृदयाची गती स्वाभाविकपणेच थोडी मंदावते. मग पुन्हा त्याच आकड्याकडे वळा. जिना चढताना, हात धुताना, फोन उचलण्यापूर्वीची एक घंटा ऐकतानाही हे करता येते. पाण्याचा गारवा, फेसाचा बुळबुळीतपणा, बोटांवर बोटे घासली जाण्याचा स्पर्श यांवर अर्धा मिनिट लक्ष टिकले तरी तेवढा वेळ मन महिनाअखेरीच्या पुढे धावत नाही.

या साधनेची मुळे बौद्ध परंपरेतील सतिपट्ठानात, म्हणजे शरीर आणि मन यांकडे सजगपणे पाहण्याच्या शिकवणीत आहेत. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ती रुग्णांना शिकवायला सुरुवात केली आणि तिथूनच पुढे आठ आठवड्यांचा प्रसिद्ध अभ्यासक्रम घडला. २०१४ मध्ये ध्यानसाधनेच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात सजगतेच्या अभ्यासक्रमांमुळे चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम फरक पडतो असे दिसले. मात्र औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस ठरते असा पुरावा मिळाला नाही. मला हा निष्कर्ष आश्वासक वाटतो, कारण त्यात चमत्काराचा दावा नाही. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो : दोघांचे काम एकट्याच्या गळ्यात पडले असेल, तर ते श्वासाने हलके होणार नाही. त्यासाठी वरिष्ठांशीच बोलावे लागेल, आणि ते बोलणेही शांत मनाने अधिक नेमके होते.

प्रश्न : दिवसभर मी ठीक असते, पण रात्री मध्येच जाग येते आणि मुलांचे शिक्षण, आईचे आजारपण, कर्ज हे सगळे एकदम अंगावर येते. त्या वेळी काय करावे?

उत्तर : ताई, प्रथम चिंता आणि नियोजन यांत फरक करा. नियोजनाच्या शेवटी उद्या करायची एखादी गोष्ट ठरते, तर चिंता त्याच वाटेने फिरून पुन्हा पहिल्या जागी येते. म्हणून संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटांची वेळ केवळ याच विषयांसाठी राखून ठेवा, ते कागदावर उतरवा आणि ज्यावर काही करता येईल त्यापुढे पहिले पाऊल लिहा. रात्री तेच विचार आले की ‘ही चिंता आहे, हिची वेळ उद्या संध्याकाळी’ असे मनाशी म्हणून लक्ष शरीराकडे न्या : पाठीला गादीचा आधार कुठे मिळतो, पांघरुणाचे वजन कुठे जाणवते, एक हात दुसऱ्यापेक्षा उबदार आहे का. विचार पुन्हा येतील. पुन्हा तेवढेच करा. घड्याळ पाहू नका, कारण किती वाजले हे कळताच किती झोप उरली याचा हिशेब सुरू होतो. झोप आणण्यासाठी म्हणून हे करू नका, तशी अपेक्षा धरली की तिचाच ताण येतो. बराच वेळ झोप लागलीच नाही, तर उठून मंद उजेडात शांत बसा आणि डोळे जड झाल्यावर अंथरुणावर परत या.

प्रश्न : मला घाबरेपणाचे झटके येतात व त्यासाठी गोळ्या चालू आहेत. श्वासाकडे लक्ष दिले की उलट गुदमरल्यासारखे होते. ध्यान गोळ्यांइतकेच परिणामकारक असल्याचे वाचले. गोळ्या बंद करू का?

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. तुम्ही वाचलेला अभ्यास बहुधा २०२२ चा असावा. त्यात चिंताविकाराच्या रुग्णांपैकी एका गटाला एस्सिटॅलोप्रॅम हे औषध दिले होते, तर दुसऱ्याला प्रशिक्षित शिक्षकांकडून आठ आठवडे सजगतेचा अभ्यासक्रम. चालू गोळ्या अचानक सोडल्यास काय होते याची ती चाचणी नव्हती. श्वासाने गुदमरायला होणे हा तुमचा दोष नाही, झटके येणाऱ्या अनेकांना तसे होते. डोळे उघडे ठेवा आणि श्वासाऐवजी तळपायांवर, हातातल्या वस्तूच्या स्पर्शावर किंवा खोलीतल्या आवाजांवर लक्ष द्या, तेही दोन मिनिटांपुरतेच. त्यानेही अस्वस्थता वाढली किंवा जुने क्लेशदायक प्रसंग उफाळून आले, तर सराव थांबवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते जसेच्या तसे सांगा.