पहिले तीन मणी

रोझरीची, म्हणजे मरियामातेच्या प्रार्थनेची जपमाळ हातात घेतलीस की घाई करू नकोस. क्रुसावर विश्वासांगीकार, म्हणजे आपली श्रद्धा सांगणारी प्रार्थना, मोठ्या मण्यावर 'हे आमच्या स्वर्गातील बापा', मग तीन लहान मणी, प्रत्येकावर एक 'नमो मरिया': श्रद्धा, आशा, प्रीती यांसाठी. नवीन असताना मी तेच भराभर सरकवायचे. आई आजारी पडली तेव्हा दुसऱ्या, आशेच्या मण्यावर बोट अडलं. 'नमो मरिया' तोंडातून निघेना. अर्धा तास तशीच बसले. तीही प्रार्थनाच होती, असं आता वाटतं. आशा म्हणजे सगळं मनासारखं होईल ही खात्री नव्हे, देवावर भार टाकून राहणं. हे तिन्ही गुण त्याचंच दान आहे, म्हणून मन कोरडं असलं तरी मागत राहा. आणि प्रीतीचं म्हणशील, तर आज माळ संपली की शेजारच्या आजारी म्हातारीला गरम पेज नेऊन दे.