परभणीत 'कालिया मर्दन'ला संबळ-पेटीची थेट साथ देता येईल का?

शाळेच्या पटांगणात पडदा लावून दादासाहेब फाळक्यांचा हा १९१९ चा मूकपट दाखवायचा आणि साथीला संबळ, तुणतुणं, पेटी, असा तुमचा बेत आहे. खुशाल करा.

आधी एकच कॉपी पक्की करा आणि तालीम तिच्यावरच करा. मूकपट हाताने हँडल फिरवून चित्रित व्हायचे, बहुधा सेकंदाला १६-१८ फ्रेमच्या आसपास. तोच २४ ने चालवला की माणसं तुरुतुरु पळतात. दोन कॉप्यांची लांबी म्हणूनच जुळत नाही, आणि ऐनवेळी कॉपी बदलली की वादकांची पंचाईत.

सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, म्हणजे यातला कृष्ण, नुसत्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते. तिथे फक्त पेटी ठेवा. भाव बदलला की स्वर बदला, पण अर्धा क्षण मागे राहून. आधी वाजवलंत तर गंमत जाते. संबळ कालियाच्या झुंजीपर्यंत राखून ठेवा. आपल्याकडचे गोंधळी पहिल्या मिनिटाला रंगात येतात, त्यांना आवरणं हीच खरी दिग्दर्शकाची कसोटी! पडद्यावर मजकुराच्या पाट्या आल्या की वादन हळू करा, लोक त्या मोठ्याने वाचतात.

प्रत्येक प्रसंगाला वेगळी चाल बांधत बसू नका. तीन-चार चाली पुरतात, बाकी पडद्याकडे बघून वाजवायचं. वादकांचं तोंड पडद्याकडे हवं, आणि प्रोजेक्टरला इन्व्हर्टर. लाइटचा काय भरवसा.