मॅपवर फुकट मिळतं, मग मुलीने ते का शिकायचं?

प्रश्न : मुलगी खानापूरहून रोज बेळगावला जाते, बीसीए या संगणकाच्या पदवीचं दुसरं वर्ष. दोन गावांतला सर्वांत जवळचा रस्ता शोधणारा प्रोग्राम तिने पायथॉनमध्ये केलाय. त्यापायी बाकी कशात लक्ष नाही. मॅपवर फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर पोट भरेल का? की बँकेच्या परीक्षांना बसवू? – एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : नमस्कार. मॅपवर आपल्याला फुकट दिसतं, ते लिहिणाऱ्याला पगार असतो! जवळचा रस्ता शोधायची गाजलेली रीत डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांची. इंटरनेटवरच्या माहितीला वाट दाखवणाऱ्या राउटरमधली ओएसपीएफ ही पद्धतही त्याच रीतीने वाट काढते. ती रीत त्यांना १९५६ मध्ये सुचली, छापून आली १९५९ मध्ये.

मात्र प्रोग्राम चालला म्हणजे नोकरी लागली, असं नाही. नेटवर्कएक्स ही पायथॉनची तयार कोडची लायब्ररी वापरली असेल तर हे एका ओळीचं काम आहे, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते ठाऊक असतं. तिला म्हणावं, लायब्ररी बाजूला ठेव, हीपक्यू (सर्वांत लहान आकडा आधी काढून देणारं पायथॉनचं मॉड्यूल) घे आणि स्वतः लिही. राहिलेल्यांतलं, निघाल्या ठिकाणापासून सर्वांत कमी अंतराचं गाव उचलायचं, त्याच्यावरून गेल्यास शेजारच्या गावांचं अंतर घटतं का बघायचं, पुन्हा पुढचं गाव. एजचं, म्हणजे दोन गावांना जोडणाऱ्या रस्त्याचं, वजन (त्यावर लिहिलेला अंतराचा वा वेळेचा आकडा) शून्याहून कमी असेल तर ही रीत चुकू शकते, तिथे बेलमन-फोर्ड ही दुसरी रीत लागते. हे तिला वहीवर सोडवून दाखवता आलं पाहिजे.

मग बेळगाव-पणजी घ्यावं. चोर्ला घाटातून जवळ, लोंढा-अनमोडवरून लांब. वजन किलोमीटरमध्ये असेल तर प्रोग्राम बारमाही चोर्लाच सांगणार. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडला तर ती एज काढावी लागेल. बसने जायचं तर आणखी गंमत : लोंढ्याला पोचेपर्यंत पुढची गाडी सुटली की थांबण्याची मिनिटंही धरायची, म्हणजे वजन घड्याळावर ठरतं. एवढं जमवलं तर मुलाखतीत बोलायला तिच्याकडे काहीतरी असेल.

बँकेच्या क्लार्क-पीओ परीक्षांना पदवी लागतेच, मग आत्ताच कशाला जुंपता? त्यापेक्षा बीसीएनंतरच्या एमसीए या पदव्युत्तर पदवीचं बघा. तिच्या प्रवेश परीक्षा : कर्नाटकात पीजीसीईटी, महाराष्ट्रात एमसीए सीईटी. महाराष्ट्रातल्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी भाषिकांसाठी वेगळी तरतूद असते. आपलं गाव त्यात बसतं का, दाखले कोणते लागतात, हे माहितीपुस्तिकेत वाचून सुट्टीतच कागद गोळा करा. ऐन प्रवेशाच्या वेळी कचेऱ्यांच्या फेऱ्या मारताना जीव मेटाकुटीला येतो.