टेक्सासच्या आडगावात प्रोबेट करताना

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मान्य करून घेणं. काकांचं मूळ मृत्युपत्र आधी शोध, झेरॉक्सवर गाडी अडेल. टेक्सासात ते मृत्यूपासून ४ वर्षांच्या आत दाखल करायचं असतं. छोट्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) वेगळं प्रोबेट कोर्ट नसतं; काउंटी जजच बघतो, आणि तो वकील असेलच असं नाही. क्लार्कबाईंशी मात्र गोडीनं वाग. सल्ला देणार नाहीत, पण सुनावणी कोणत्या वारी ते त्यांनाच पक्कं ठाऊक!

लेटर्स टेस्टामेंटरी म्हणजे एक्झिक्युटरला (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याला) कोर्टानं दिलेलं अधिकारपत्र; त्याच्या सहीशिक्क्याच्या सहा-सात प्रती एकदमच घे. मी दोनच घेतल्या; एक बँकेनं ठेवून घेतली, दुसरी विम्यात गेली, मग पुन्हा नव्वद मैल हेलपाटा.

घरावरचं सोडून बाकी कर्ज नसेल, तर वकिलाला 'म्युनिमेंट ऑफ टायटल'चं विचार, म्हणजे मृत्युपत्रच मालकीचा पुरावा म्हणून कोर्टाकडून मान्य करून घेणं. त्यात एक्झिक्युटर नेमावाच लागत नाही.